मारुतीवरून लावलेली उत्तर दिशा

होकायंत्र फुटलं ते एसटीत, करंजीच्या घाटात. आयुष्यातल्या पहिल्या नोकरीच्या कामावर मी निघालो होतो आणि मांडीवर लाकडी पेटी धरून बसलो होतो. पेटीत वाऱ्याचा वेग मोजायचं चार वाट्यांचं यंत्र, वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण, दोन तापमापक आणि एक होकायंत्र होतं. मला धास्ती होती ती तापमापकांची, कारण कॉलेजात एक माझ्या हातून फुटला होता. म्हणून नगरच्या स्टँडवर मी होकायंत्राभोवतीचा कापूस काढला आणि तोही तापमापकांनाच गुंडाळला. घाटात गाडीने गचका खाल्ला आणि पेटी मांडीवरून खाली गेली. मुक्कामी पोचून उघडली, तर तापमापक शाबूत होते. होकायंत्राची काच फुटली होती आणि सुई वाकली होती.

१९७३ साल संपत आलं होतं. दुष्काळ सरून पहिलाच हिवाळा होता. गर्भगिरीच्या डोंगरांच्या पायथ्याला बऱ्याच दिवसांनी ज्वारी उभी होती, आणि लोक येता-जाता उगीचच बांधावर थांबून तिच्याकडे बघत राहायचे. मी मात्र तिथे वाऱ्यासाठी आलो होतो.

नगरच्या ज्या कॉलेजात मी शिकलो, तिथले गणिताचे सर कोरड्या डोंगराळ मुलखातल्या हवेचं गणित मांडत होते. दिवसा ऊन पडलं की डोंगराचा उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होते, आणि वारा दरीच्या तोंडाकडून वर चढतो. ऊन गेलं की उतार निवतो, हवा जड होते आणि वारा खाली उतरतो. एवढं कुणालाही समजेल. पण तो किती वाजता चढतो, किती वेगाने चढतो, किती वेळ टिकतो, हे आकड्यांत सांगायचं म्हणजे अवघड काम. सर कागदावर डोंगराचा काप काढायचे, त्यावर चौकोनी घरांची जाळी मारायचे आणि प्रत्येक घरात त्या जागच्या हवेचं तापमान नि वेग लिहायचे. मग शेजारच्या घरांमधले आकडे घेऊन त्या घरात दहा मिनिटांनी काय होईल ते समीकरणावरून काढायचं. ते झालं की त्यापुढच्या दहा मिनिटांचं. आम्ही तीन सहायक हाताने फिरवायची गणनयंत्रं घेऊन बसायचो. दिवसभर खोलीत खडखड चालायची, आणि संध्याकाळी कागदावर जेमतेम सकाळचे आठ वाजलेले असायचे.

हे सगळं गणित मुंबईच्या एका मोठ्या संगणकावर चालवायचं असं सरांनी ठरवलं होतं. तिथे बाहेरच्या माणसाला वेळ मिळणं कठीण. खटपट करून त्यांना मार्चमधले दोन दिवस मिळाले होते. त्याआधी कागदावरचा वारा आणि खरा वारा यांचा मेळ बसतो का, ते बघायला दरीत कुणीतरी जाऊन राहायला हवं होतं. सरांनी मला पाठवलं.

आता कळेल की मी होकायंत्राबद्दल सरांना का कळवलं नाही. माझे वडील नेवाशाला एका प्राथमिक शाळेत शिपाई होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. सरांनी मला स्वतःच्या कपाटातली पुस्तकं वाचायला दिली होती, अडलेलं समजावताना कधी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, आणि एम.एस्सी. झाल्यावर निरोप पाठवून कामावर बोलावलं होतं. अशा माणसाला पहिलं पत्र लिहायचं ते 'तुम्ही दिलेली वस्तू मी पोचायच्या आत फोडली' असं? माझ्याने ते झालं नाही. फुटकं होकायंत्र मी रुमालात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि उत्तर दिशा दुसऱ्या कशावरून तरी काढू, असं ठरवलं.

गावात मारुतीचं देऊळ होतं, आणि ते यंत्रांसाठी खांब उभारायच्या माळापासून हाकेच्या अंतरावर होतं. मारुतीचं तोंड दक्षिणेला असतं, हे मी नेवाशाला लहानपणापासून ऐकत आलेलो. आम्ही ख्रिस्ती. देवळाच्या आत मी कधी गेलो नव्हतो, पण शेजारच्या पोरांबरोबर पारावर खेळून वाढलेल्या मुलाला जे पक्कं ठाऊक असतं, त्यातलं हे एक. मी देवळाच्या भिंतीला समांतर सुतळी ताणली, खुंट्या ठोकत ठोकत ती माळावर नेली आणि त्या रेषेप्रमाणे खांबावर, बाणाच्या खाली, चार दिशा दाखवणारे चार हात बसवले. अर्धा अंशसुद्धा फरक पडू नये म्हणून तीनदा मोजलं. इतकं काटेकोर काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

ज्यांच्या शेताला लागून तो माळ होता, त्यांच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत मी राहायला होतो. नवरा-बायको पन्नाशीचे. मी त्यांना मामा आणि मामी म्हणायचो. खांबावर चार हात बसवताना मामा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"मास्तर, चर्च बांधता का काय हितं?"

"नाही मामा, वारा मोजायचाय."

"मोजून कुठं न्यायचाय?"

मी त्यांना सरांचं गणित समजावलं. जाळी, घरं, दहा-दहा मिनिटं, सगळं. मामी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे कागदावर वारा सोडायचा?"

"हो, तसंच."

"मग लई बरं झालं. औंदा उपननी कागदावरच करू. वावडीवर चढायचा तरास न्हाई."

उपणणी म्हणजे मळलेलं धान्य उंचावरून ओतून त्यातलं भूस वाऱ्यावर उडवणं. तेव्हापासून गावात माझं नाव 'वारेमास्तर' पडलं.

दर तीन तासांनी खांबापाशी जायचं, मिनिटाला वाट्या किती फिरतात ते मोजायचं, बाण कुठे आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मधल्या वेळात मी गणितं करायचो, मामींच्या हातची बाजरीची भाकरी खायचो, आणि शनिवारी सगळ्या नोंदींची नक्कल करून सरांना टपालाने पाठवायचो. त्या दिवसांत मी मनापासून सुखी होतो. वडील शाळेची घंटा वाजवत तेवढ्याच नेमाने मी माझ्या नोंदी करत होतो, आणि त्या शिकलेल्या माणसाच्या नोंदी होत्या.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या आठवड्यातच खटकायला हवी होती. सूर्य माझ्या पूर्वेच्या हातावर उगवत नव्हता, तो उगवायचा पार दक्षिणेच्या हाताच्या जवळ. पण मी शिकलेला होतो ना! थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो हे मला माहीत होतं. शिवाय समोर डोंगर. डोंगराच्या मागून वर येईपर्यंत तो आणखी सरकत असणार. असं छानसं स्पष्टीकरण मी स्वतःला देऊन टाकलं. न शिकलेल्या माणसाने सरळ म्हटलं असतं, की तुझा खांब वाकडा आहे.

जानेवारीच्या मध्याला सरांचं पत्र आलं. 'दुपारी तीनला रोज पश्चिमेचा वारा लिहिला आहे. नकाशाप्रमाणे तुमच्या पश्चिमेला डोंगराची सलग भिंत आहे. वारा डोंगरातून आरपार येतो आहे का? पुन्हा पाहावे.'

उंचीच्या रेषांचा तो नकाशा सरांकडे होता, माझ्याकडे नव्हता. मी पुन्हा पाहिलं. दुपारी तीनला बाण पश्चिमेच्या हाताशी बरोबर जुळलेला. मी कळवलं, 'पुन्हा पाहिले. पश्चिमच आहे.'

पुढचं पत्र फेब्रुवारीत आलं. ते अजून माझ्याकडे आहे. 'तुम्ही काळजीने काम करता हे मी जाणतो. तेव्हा चूक समीकरणात आहे असे धरून चालतो.'

आणि मार्च लागता लागता तिसरं. सरांनी समीकरणात एक नवं पद घातलं होतं. डोंगरामागच्या पठारावरची हवा दुपारी माथा ओलांडून दरीत सांडत असावी, असं त्यांनी मानलं होतं. ते पद घातल्यावर माझा पश्चिमेचा वारा जवळपास बसत होता. त्यासाठी तीन आठवडे ते आणि ते दोघे सहायक सुट्टी न घेता बसले होते. 'शनिवारी हे सर्व घेऊन मुंबईस निघतो. तेथे संगणकासाठी छिद्रांची कार्डे तयार करून देतील. या पदाचे श्रेय तुमच्या वहीला आहे,' असं शेवटी लिहिलं होतं.

मी ते पत्र मामा-मामींना वाचून दाखवलं. माझ्या वहीमुळे सरांचं समीकरण बदललं! मामींना बाकी काही कळलं नाही, पण त्यांनी गुळाचा खडा हातावर ठेवला.

ही मंगळवारची गोष्ट. बुधवारी खळ्यावर उपणणी होती.

दुष्काळात ते खळं पडीकच होतं. त्या वर्षी मामींनी ते पुन्हा शेणाने सारवून आरशासारखं केलं होतं. खळं म्हणजे माळाच्या कडेला, वारा लागेल अशा उंचवट्यावरची गोल जागा. मधोमध तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब. मळणी झालेली ज्वारी एका बाजूला सारून ठेवली होती. मामी वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर चढल्या होत्या. मामा खालून पाटी भरून वर द्यायचे, आणि मामी ती डोक्याच्या उंचीवरून हळूहळू ओतायच्या. दाणे सरळ खाली पडत आणि भूस वाऱ्याने पलीकडे जाई. खळ्यावर चपला घालून जायचं नाही, म्हणून मी त्या बाहेर काढून उभा होतो.

"वारेमास्तर, तीन वाजलं का न्हाई?" मामांनी विचारलं. "तुमच्या वहीत लिव्हल्याबिगर वारा सुटत न्हाई आजकाल."

"वाजले मामा."

मी खळ्यावरूनच खांबाकडे पाहिलं. बाण पश्चिमेच्या हातावर. वहीत पश्चिम लिहायला पेन्सिल टेकवली आणि सहज नजर खाली गेली. भुसाचा लांबच लांब पिवळा पट्टा खळ्यावरून सुरू होऊन वर खिंडीच्या रोखाने गेला होता. उलट बाजूला पाहिलं, तर त्या पट्ट्याच्या सरळ रेषेत दरीचं तोंड होतं.

"मामी, वारा कुठनं येतोय?"

"कुठनं म्हंजे? खालनं. दरीच्या तोंडातनं. दुपारचा रोज तिकडनंच येतो."

"पश्चिमेकडून नाही?"

मामींनी पाटी थांबवली. "पश्चिमंला डोंगर हाय की वो. डोंगरातनं वारा कसा येईल? भोक पाडलंय का?"

सरांनी पत्रात विचारलेलं तेच.

"मग दरीचं तोंड कुठल्या दिशेला?"

"आता कसं सांगावं... दक्षिण म्हनावं तर दक्षिण न्हाई, मावळत म्हनावं तर मावळत न्हाई. मधी."

म्हणजे नैर्ऋत्य. सरांचं जुनं समीकरण, नवं पद घालायच्या आधीचं, दुपारी नैर्ऋत्येचाच वारा सांगत होतं. मी खांबाजवळ गेलो. बाण भुसाच्या पट्ट्याशी समांतर होता. बाणाची काहीच चूक नव्हती. चूक त्याच्याखालच्या चार हातांची होती. ते हात मी सुतळी ताणून, तीनदा मोजून बसवले होते.

"मामा," मी तिथूनच ओरडून विचारलं, "गावातल्या मारुतीचं तोंड दक्षिणेलाच आहे ना?"

"व्हतं," मामा म्हणाले. "जुन्या देवळात व्हतं. ते वढ्याच्या पुरात गेलं. नवं बांधलं तवा रस्ता वळला हुता, मग गावच्या येशीकडं तोंड केलं. येनाऱ्या-जानाऱ्यावर ध्यान ऱ्हातं देवाचं."

मामा जवळ आले, आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. एसटी, कापूस, होकायंत्र, मारुती. मामा वावडीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का गं? वारेमास्तर येसूला माननारं मानूस, आन आपल्या मारुतीवर केवढा इस्वास! आपून सुदिक एवढा टाकत न्हाई."

मामी हसता हसता वावडीवरून उतरल्या. माझं तोंड बघून मात्र त्यांचं हसू गेलं. "लई वंगाळ झालं का?"

"सर शनिवारी मुंबईला निघणार. माझ्या चुकीवर तीन आठवडे बसले ते. चुकीचं गणित घेऊन जातील."

"मग आजच कागद लिव्हा."

"पत्र शनिवारच्या आत पोचायचं नाही. स्वतः जायला पाहिजे. पण जाऊन नुसतं 'चुकलं' कसं सांगू? किती चुकलं ते सांगता आलं पाहिजे."

आणि चूक किती हे मोजायचं तर खरी उत्तर हवी. होकायंत्र ट्रंकेत फुटलेलं. मी रात्र तशीच काढली. सकाळी दात घासताना तिवड्याची लांब सावली खळ्यावर पडलेली दिसली आणि मला वडिलांची घंटा आठवली.

वडिलांच्या शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ सारखं बंद पडायचं. तेव्हा ते झेंड्याच्या खांबाच्या सावलीवरून घंटा द्यायचे. पटांगणात त्यांनी दगड मांडून ठेवले होते. मला लहानपणी त्यांनी दाखवलं होतं की सावली सकाळपासून आखडत येते, सगळ्यात आखूड होते आणि पुन्हा लांबायला लागते. सगळ्यात आखूड असते तेव्हा ती हिवाळ्यात नेहमी त्याच दगडावर येते. तो दगड खांबाच्या बरोबर उत्तरेला होता. वडील चौथीपर्यंत शिकलेले. मी खगोलशास्त्राचा अख्खा पेपर देऊन पास झालो होतो, आणि तीन महिने त्या दगडाची मला आठवण झाली नव्हती.

मामा नवी मळणी घालायला बैल घेऊन आले होते. मी म्हणालो, "मामा, दुपारपर्यंत खळं मोकळं ठेवाल का?"

"कशापायी?"

"तिवड्याची सावली मोजायचीय."

मामांनी बैलांकडे पाहिलं, मग मामींकडे. सुगीच्या दिवसांत अर्धा दिवस मागणं ही लहान गोष्ट नव्हती.

"घ्या," मामी म्हणाल्या. "बैलं तेवढीच ईसावतील."

दहा वाजल्यापासून मी खळ्यावर अनवाणी बसलो. सावलीच्या टोकाशी दर थोड्या वेळाने ज्वारीच्या धाटाचा तुकडा ठेवायचा. तुकड्यांची ओळ हळूहळू तिवड्याजवळ सरकत गेली. घड्याळात पाऊण वाजला तेव्हा सावली सगळ्यात आखूड झाली, आणि त्यानंतरचा तुकडा पुन्हा लांब पडला. तिवड्यापासून त्या आखूड सावलीच्या टोकावरून मी सुतळी ताणली आणि तिच्या कडेने कोळशाची रेघ ओढली. ही खरी उत्तर. मग खांबावरच्या 'उत्तर' हाताला समांतर दुसरी सुतळी तिवड्यापर्यंत आणली. दोन सुतळ्यांमध्ये चांगलीच फट होती.

कोनमापक आणायला मी खोलीकडे निघालो, तेवढ्यात मामांनी बैलांचा लांब कासरा, म्हणजे दोर, उचलला. खळ्याच्या गोल कडेवरून फिरवून पुरा वेढा घेतला, मग कासरा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि तिसऱ्यांदा दुमडला. तो तुकडा त्यांनी दोन सुतळ्यांच्या मधे कडेवर धरला. बरोबर बसला.

"आठवा हिस्सा," मामा म्हणाले.

आम्ही आठ दिशा लिहायचो. म्हणजे प्रत्येक नोंद एक घर चुकलेली होती. पश्चिम लिहिली तिथे नैर्ऋत्य, पूर्व लिहिली तिथे ईशान्य. तीन महिन्यांची सगळी वही एक घर पुढे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी नगरला निघालो. वही पिशवीत होती आणि फुटकं होकायंत्र खिशात. करंजीच्या घाटात गाडीने पुन्हा गचका खाल्ला, आणि या वेळी मांडीवर काहीच नव्हतं. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण तिच्याहून जास्त वाईट वाटत होतं ते 'श्रेय तुमच्या वहीला' या वाक्याचं.

सर कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत होते. टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीत, सगळीकडे जाळ्यांचे कागद. कोपऱ्यात ते दोघे सहायक गठ्ठे बांधत होते. मला पाहून सरांचा चेहरा खुलला. "अरे, या या! बरं झालं आलात. हे नवं पद बघा—"

"सर, आधी माझं ऐका." मी होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कापसापासून कासऱ्यापर्यंत. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सरांनी चष्मा काढला. होकायंत्र उचलून ती वाकडी सुई डोळ्यांजवळ धरली.

"तीन आठवडे," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि ते पद मला आवडलंही होतं हो." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की ते रागावले असते त्याहून मला ते जड गेलं. मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "एक सांगा. खांब मधे कधी हलवलात?"

"नाही सर."

"हात सैल होऊन फिरले असतील?"

"नाही सर. पक्के आवळले होते. तीनदा मोजून."

"तुम्ही तीनदा मोजता हे माहीत आहे मला. म्हणूनच तर फसलो." ते उठले. "सगळ्या नोंदी सारख्याच चुकल्या आहेत ना? मग त्या गेलेल्या नाहीत. सगळ्या एक घर मागे घ्या. सोडा रे ते गठ्ठे. पहिल्या पानापासून वाचा."

संध्याकाळपर्यंत आम्ही चौघे बसलो. एकाने वाचायचं, मी एक घर मागे घेऊन सांगायचं, तिसऱ्याने लिहायचं. सर जुन्या समीकरणाचा कागद समोर घेऊन टिंबं मांडत होते. दुपारच्या वाऱ्याची टिंबं समीकरणाच्या रेषेला धरून पडायला लागली तेव्हा वाचणाऱ्याचा आवाजसुद्धा बदलला. सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि नव्या पदावर एक सरळ रेघ ओढली. खाडाखोड केली नाही, एकच रेघ.

मग ते संध्याकाळच्या नोंदींवर अडले. "इथे काय? समीकरण म्हणतं ऊन गेलं की लगेच वारा खाली उतरेल. तुमच्या वहीत सहाला वाट्या फिरतच नाहीत. झोपला होतात काय?"

"नाही सर. दिवेलागणीला तिथे वारा बसतो. बऱ्याच वेळाने वरून सुटतो. म्हणून तर मामी त्या वेळी वावडीवरून उतरतात."

"कोण मामी?"

मी सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. वावडी किती उंच असते तेही विचारलं, आणि त्या जागी कागदावर मोठं प्रश्नचिन्ह काढलं. "हे ठेवू," ते म्हणाले. "हे खरं दिसतंय, आणि ते आपल्या समीकरणात नाही."

पुढे मुंबईला दुपारचा वारा चांगला जुळला आणि दिवेलागणीचा जुळला नाही. त्या प्रश्नचिन्हावर सर पुढची कितीतरी वर्षं काम करत राहिले, आणि मीही. पण ते नंतरचं.

त्या दिवशी निघताना मी दारात घुटमळलो. "सर, मी तिकडे परत जाऊ का?"

"मग काय इथे बसून मारुती शोधणार?" त्यांनी कपाटातून दुसरं होकायंत्र काढून माझ्या हातात दिलं. "कापूस या वेळी यालाच गुंडाळा. आणि वहीच्या पहिल्या पानावर हे सगळं लिहून ठेवा. काय फुटलं, उत्तर कशावरून घेतली, किती चुकली, कशी सापडली. पुढे कुणी ही वही वाचली तर त्याला कळायला हवं."

शनिवारी सकाळी परतीची गाडी सुटायच्या आधी स्टँडवर बसून मी ते पान लिहिलं. दोन वेळा खोडलं, कारण दोन्ही वेळा कापसाचा भाग गाळला होता. मग एक आंतर्देशीय घेऊन वडिलांना पत्र लिहिलं. त्यांच्या दगडाचं माझ्या हातून काय काम झालं ते कळवलं. आठवड्याने उत्तर आलं ते शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात: 'जून-जुलैत सावलीकडं बघू नये, तेव्हा ती फसवते. बाकी सर्व ठीक.' ते बरोबर होतं. त्या दिवसांत आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला जातो. मला ते पुस्तकात शिकवलं होतं.

त्या शनिवारी गावी पोचलो तेव्हा दुपार होती. खळ्यावर दुसरी रास पडली होती. मामांनी लांबूनच विचारलं, "काय म्हनला सायेब? हाकललं का ठिवलं?"

"ठेवलं."

"मग वळवू चला तुमचा खांब. देव वळला, आता तुमी बी वळा."

मी पाना लावून हात सैल केले, मामांनी खांब धरला. खळ्यावर सावलीची रेघ अजून होती. मामींनी झाडताना तेवढीच जागा वगळली होती. त्या रेघेप्रमाणे हात बसवले आणि मग नवं होकायंत्र काढून ताडून पाहिलं. केसाइतका फरक आला, तो मी वहीत लिहिला.

तीन वाजले. मामी वावडीवर चढल्या. भूस उडायला लागलं आणि दरीच्या तोंडाकडून खिंडीच्या रोखाने जायला लागलं. मी बाण पाहिला आणि लिहिलं, नैर्ऋत्य.

"काय लिव्हलं?" मामींनी वरून विचारलं.

"दक्षिण न्हाई, मावळत न्हाई. मधी."

"आता बरोबर हाय. ठिवा ती वही तिकडं, आन पाटी द्या वर."

मी वही चपलांजवळ ठेवली, पाटी भरली आणि वर दिली.